भलताच शंकर

प्रिय अहो,

पत्र बघून दचकू नका, तब्येत झकास आहे. फोनवर तुम्ही रुसून नुसतं 'हं' म्हणता, मी शब्द शोधत बसते, तेवढ्यात तुमचं गिऱ्हाईक येतं. कागद कसा, थांबतो. शिवाय शब्द शिकवणाऱ्या मॅडमनीच रोज थोडं लिहायला सांगितलंय. तेव्हा भज्यांचा घाणा उतरवा आणि निवांत वाचा.

पहिली बातमी ही की डोक्याच्या ऑपरेशनपासून फिटचा एकही झटका नाही. काल आईनं मला एकटीला गॅसपाशी सोडलं आणि स्वतः दाराआडून बघत राहिली. मी दूध उतू जाऊ दिलं नाही, एवढंच तिनं शेजारी चार घरी सांगितलं. मला मात्र रडू आलं. इतकी वर्षं विस्तवापाशी मला कुणी एकटं सोडलं नव्हतं.

दुसरी बातमी, डॉक्टर म्हणाले होते तसंच झालंय. वस्तू दिसते, तिचा उपयोग कळतो, नाव तेवढं दडी मारून बसतं. पंख्याला मी 'ते गरगर' म्हणते, कुकरला 'शिट्टीवाली बाई'. गंमत म्हणजे मराठी शब्द अडला की आईचा कानडी शब्द धावत येतो. परवा जेवताना मीठ हवं होतं, तोंडातून निघालं 'उप्पु'. वहिनी पडली कळंबची, तिला कानडी कुठलं? बिचारीनं ताटावरून उठून सगळ्यांसाठी उप्पीट केलं. त्यातही मीठ कमीच होतं. आई मात्र खूश. म्हणते, "डॉक्टरनं माझी पोरगी परत दिली, येरमाळ्याला जाऊन पार मराठीच झालती."

आता तुमच्या रुसव्याचं. दादाच्या मुलीच्या बारशात काय झालं, ते तुमच्या कानावर कुणी कसं घातलं कोण जाणे, म्हणून खरं ते सांगते. पाळणा म्हणून झाला आणि बायकांनी मला धरलं, आता नाव घे. उखाणा मी आठवडाभर घोकला होता. उभी राहिले, पदर सावरला आणि ठणकावून म्हणाले, 'चहात हवं आलं, भज्यांत हवा ओवा, गौरीशंकररावांचा सहवास जन्मोजन्मी हवा!' सगळ्या जणींनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, भारावल्या. मग बघते तर दीपमालाचा चहा बशीतून मांडीवर. अहो, सख्ख्या धाकट्या दिराचं नाव घेतलं मी, तेही त्याच्या बायकोसमोर, तेही जन्मोजन्मीसाठी! पण माझी जाऊ पक्की. म्हणाली, "न्या की मग अक्का, लई घोरत्यात!" असा हशा पिकला की पाळण्यातली पोर जागी होऊन रडायला लागली.

ही बातमी बारशाच्या घुगऱ्यांच्या आधी येरमाळ्याला पोचली. भावजी म्हणे लाजून गल्ल्यावर बसायचं सोडून मागं भांडी घासतात. आणि तुम्ही रविवारी यायचे होतात, ते आला नाहीत.

खरं सांगू? त्या दिवशी बायकांनी लगेच तुमचं नाव सांगितलं. ऐकलं की वाटतं, हेच की ते! संध्याकाळपर्यंत पुन्हा गेलं. शंकर राहतो, त्याच्या आधीचं निसटतं. आठवायला बसलं की गौरीशंकर येतो, भीमाशंकर येतो, माझा तेवढा येत नाही. दवाखान्यात मॅडमनी विचारलं होतं, मिस्टरांचं नाव काय? मी मान खाली घातली. तुम्ही केवढे फुललात! "आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत न्हायत, मॅडम." मीही लाजल्यासारखं केलं. लाज कसली, नाव गेलं होतं. पण ऑपरेशनला आत नेताना तुम्ही म्हणाला होतात, "सगळं इसर, पर मला इसरू नको." मग कुठल्या तोंडानं सांगू?

पण तुम्हाला मी विसरले नाही हो. मला झटका आला की आधी गॅस बंद करून खांद्यावरचा टॉवेल माझ्या डोक्याखाली घालणारे तुम्ही, माझ्या नाकाला चप्पल लावायला आलेल्या गिऱ्हाइकाला भज्यांसकट हाकलणारे तुम्ही, सगळे जिथल्या तिथं आहात. दुकान भरलेलं आहे, वरची पाटी तेवढी पडलीय.

आधार कार्ड बघून वर नाव लिहिता आलं असतं. पण ती कॉपी झाली असती. पाकिटावरचा पत्ता दादा लिहील, मी बघणार नाही. पत्र लिहिलंय ते एवढ्यासाठी, की येत्या रविवारी लोहाऱ्याला या. लग्नात तुमच्या बहिणीनं दार अडवून माझ्याकडून नाव वदवून घेतलं होतं, तसं मी तुम्हाला अडवणार आहे. उखाणा तुम्ही घ्यायचा, पण माझ्या नावाचा नाही, तुमच्या स्वतःच्या नावाचा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. मी विसरले तर परत घ्यायचा, परत विसरले तर परत. मला ते नाव तुमच्याच तोंडून हवंय.

तुमचीच,
महानंदा

हे दोन शब्द मात्र न बघता लिहिलेत.