अर्धं शिवलेलं

अप्पा, दुकान बंद करण्याआधी तुम्ही काजं करायला बसायचात आणि मी तुमच्या गुडघ्याला टेकून सुयांत दोरे ओवून ठेवायची. या कानडी मुलुखात, कॉन्व्हेंटात मराठी नव्हतं, म्हणून कापडावर खुणा करायच्या खडूने, कापायच्या टेबलावरच, तुम्ही मला ही अक्षरं शिकवलीत. एक ओळ झाली की तळहाताने पुसून म्हणायचात, "साकु, आता दोरा दे." पुढच्या आठवड्यात मी निवृत्त होते आहे. प्रयोगशाळेतली खोली आवरते आहे, आणि तुम्ही शिवलेलं काळं कव्हर समोर टेबलावर आहे.

मी संशोधनाला लागून वर्षही झालं नव्हतं. ताऱ्यांच्या पोटात हलके अणुगर्भ जुळून जड होतात, तेच आम्ही एका लहान यंत्रावर घडवून पाहत होतो. ते घडलं की स्फटिकात एक क्षीण चमक उठते आणि काचेची एक नळी ती टिपते. त्या नळीला बाहेरचा उजेड जराही चालत नाही. परदेशातून मागवलेलं कव्हर येईना, तेव्हा मी सरांना म्हटलं, माझे अप्पा शिवतील. त्याच दिवसांत हुणसूरहून स्थळ आलं होतं. तंबाखूचा व्यापार, माणसं चांगली, अट एकच: लग्नानंतर मुलीने हे काम सोडायचं. आत्याने मनातल्या मनात होकार देऊनही टाकला होता. तारे मोजून कुणाची चूल पेटली, असं ती प्रत्येक जेवणाला विचारायची आणि तुम्ही भात कालवत राहायचात. मला काही विचारत नव्हतात. मला विचारायचं धाडस नव्हतं.

दसऱ्याची गर्दी, गिऱ्हाईकं पायरीवर बसलेली, तरी तुम्ही कव्हर घेऊन स्वतः आलात. दारात चपला काढल्यात, देवळात काढतात तशा. दुपदरी कापड, बारीक टाका. कव्हर चढवून यंत्र सुरू केलं आणि आकडे सैरावैरा धावू लागले. सर कव्हर काढतात, आतून बॅटरी धरतात. शिवणीवर उजेडाचे ठिपके, टाक्यामागून टाका. तुम्ही शिवणीवरून बोट फिरवता.

"माझी सुईच आड आली," म्हणालात. मग, "खरा आकडा केवढा येतो?"

"दिवसभरात दोनचार. कधी एकही नाही."

"आणि काम पुरं व्हायला?"

"वर्षं लागतील, अप्पा."

"आयतु," तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणता तसं कानडीत म्हणालात, "ठीक आहे. दुसरं शिवतो."

दुसऱ्याच्या शिवणीवर तुम्ही मेण आणि काजळी चोळलीत, आणि ते चाललं. त्याच आठवड्यात हुणसूरची मंडळी उत्तर मागायला दुकानात आली. आत्या चहा घेऊन उभी होती. तुम्ही मशीनवरून न उठता म्हणालात, "मुलीचं काम अर्धं शिवून झालंय. आमच्या दुकानातून अर्धं शिवलेलं बाहेर जात नाही." मुलाचे काका हसून म्हणाले, मग तयार कधी मिळेल? "शिंप्याची तारीख कधी खरी असते का?" तुम्ही विचारलंत. आत्या आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. लग्न पुढेही झालं नाही; त्याची खंत तुम्हाला होती, मला फारशी नाही.

पण ते काम पुरं झालेलं नाही, अप्पा. ताऱ्यात ही क्रिया जितक्या कमी ऊर्जेला घडते, तिथवर आम्ही पोचलोच नाही. दरवर्षी थोडं जवळ सरकलो, उरलेलं हिशेबाने ताणून लिहिलं. माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. शेवटच्या आजारात तुम्ही विचारलंत, झालं का गं पुरं? मी म्हटलं, काजंबटणं तेवढी राहिलीत. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत.

हा कागद तुमच्या कात्रीच्या खोक्यात राहील. मशीन भाचीला द्यायचं. हेब्बाळच्या कंपनीत जाते, साधं बटण लावता येत नाही, पण मागितलं तिनेच. कात्री माझ्यानंतर तिलाच. कव्हर, यंत्र आणि न आलेला आकडा माझ्या विद्यार्थिनीला. तुमच्या दुकानाचा नियम मोडून मी तिला अर्धं शिवलेलंच देते आहे, अप्पा. सुईत दोरा तेवढा ओवून ठेवला आहे.