दारातून आत जाणारी दुसरी

चारकोप, कांदिवली (प.)
१४ जून १९८७

चि. सुलक्षणास मामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पलटणीविरुद्ध मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. विषय : डिंक. आंतर्देशीय पत्राच्या कडेला सरकार जेवढा डिंक लावून देतं, तेवढा सामान्य नागरिकाला पुरतो. तू त्यावर आणखी बाटलीतला डिंक फासलास. परिणामी पत्र उघडताना मधल्या ओळी गेल्या. 'डावा गुडघा' इथपर्यंत वाचता येतं, पुढे कागदच नाही. गुडघा बरा आहे, फुटला आहे की सरकारजमा झाला आहे, हे कळायला मार्ग उरलेला नाही. रविवारी वाकोल्याला तुझ्या आईला पत्र वाचून दाखवताना मी प्रसंगावधान राखून 'डावा गुडघा उत्तम आहे' असं वाचलं. तिने लगेच विचारलं, उजव्याला काय झालं.

इकडे सर्व ठीक. आमच्या सेक्टरमध्ये समोरच्या ओळीचं बांधकाम अजून चालूच आहे. तू इथे राहायचीस तेव्हा जो काँक्रीटचा मिक्सर घरघरायचा, तोच अजून घरघरतो. फक्त आता तो आमच्या खिडकीच्या आणखी जवळ आला आहे. शाळा सुरू झाली. नववीला संस्कृत घेणारी मुलं भाषेच्या प्रेमाने येत नाहीत, गुणांच्या प्रेमाने येतात, आणि तेही एकतर्फी असतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या आईने एक स्थळ पाहिलं आहे. मुलगा चंद्रप्रकाश, मुलुंडला कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. शांत आहे, चष्मा आहे, घर भाड्याचं पण कोपऱ्यावरचं. त्याच्या आईची एकच शंका : मुलगी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बायकांच्या पलटणीत आहे म्हणजे दिवसभर नेमकं करते काय. या प्रश्नाचं उत्तर मलाही नीट देता येईना. तेव्हा मी परस्पर एक काम केलं. तुझ्या वरिष्ठ मॅडमना इंग्रजीत अर्ज पाठवला, की सदर मुलीचे उच्चार अत्यंत स्पष्ट असून तिने पाठांतराच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली आहेत, यास्तव तिला कार्यालयात, शक्यतो टेलिफोनवर, काम द्यावं. आमचे मुख्याध्यापक अर्ज वाचून म्हणाले, सर, असं इंग्रजी आता राहिलं नाही.

रागावू नकोस. गुडघ्याचं सविस्तर लिही, आणि डिंक जपून वापर. माया आहे ती आहेच, ती चिकटवावी लागत नाही.

तुझा मामा,
गुणाजी

दिल्लीजवळच्या तळावरून
२८ जून १९८७

ती. मामास सुलक्षणाचा शि. सा. नमस्कार.

मामा, वाट लावलीस तू माझी.

आधी गुडघा. सोलवटला होता, खपली धरली, संपला विषय. डिंक बाटलीतलाच, कारण इथल्या धुळीत सरकारी डिंक चिकटत नाही.

आता तुझा अर्ज. मॅडमनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. पंजाबी, हरियाणवी, बंगाली मुली, सगळ्या माझ्याकडे बघतायत आणि मॅडम वाचतायत, सदर मुलीला गीतेचे अध्याय मुखोद्गत आहेत. मला वाटलं, आता शिक्षा होणार. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जनरेटर चालू करायला लावला, त्याच्या बाजूला वायरलेस सेट ठेवला, आणि एकेकीला आकडे आणि गावांची नावं बोलायला सांगितली. दुसऱ्या टोकाला मैदानापलीकडे एक हवालदार ऐकून लिहीत होता. बाकीच्यांचे अर्धे शब्द घरघरीत गेले. माझा एकही गेला नाही. तू मला त्या मिक्सरसमोर उभं करून पाठ म्हणायला लावायचास ना, आणि शेवटचं अक्षर खाल्लं की पुन्हा पहिल्यापासून. तेच कामाला आलं. झकास शिकवलंस, मानलं.

तर निकाल असा, की मला निवडलंय, पण कार्यालयात नाही. निवडक मुलींची एक नवी तुकडी करतायत. आतापर्यंत आम्ही काय करायचो, तर पुरुषांनी घर ताब्यात घेतलं की मागून जायचं आणि बायकांच्या पिशव्या तपासायच्या. आता बंदूकवाले घरात लपले असतील आणि आत बायकापोरं अडकली असतील, तर दार मोडून आमची तुकडी आत जाणार. तळाच्या मागे विटांचं एक खोटं घर बांधलंय. रोज त्याचं दार मोडतो, रोज सुतार नवं लावतो. पहिली आत जाते ती एक हरियाणाची मुलगी, दारापेक्षा थोडीच अरुंद. दुसरी मी. पाठीवर सेट, हातात कार्बाइन. आत काय आहे ते बाहेर कळवायचं काम माझं.

मामा, खरं सांगते, मला हे हवंय. मागे उभं राहून पिशव्या तपासायला मी घर सोडून आले नव्हते.

एकच अडचण आहे. लग्न न झालेल्या मुलींच्या पालकाची लेखी संमती लागते. पोरांना कुणी विचारत नाही, आम्हाला विचारतात. बाबा गेल्यापासून माझ्या कागदांवर पालक म्हणून तुझं नाव आहे. कागद सोबत पाठवलाय. जुलै संपायच्या आत सही करून पाठव, नाहीतर माझ्या जागी दुसरी जाईल आणि मी परत पिशव्यांवर.

आणि आईला नीट सांग. मी लिहिलंय ते वाच, तुला वाचावंसं वाटतं ते नको. चंद्रप्रकाशचं काय ते तिला माझ्या सुट्टीपर्यंत थांबव.

रागावलेली नाही. नमस्कार आहेच, आठवण त्याहून जास्त.

तुझी,
सुलू

चारकोप
८ जुलै १९८७

चि. सुलक्षणास आशीर्वाद, विशेष असे की,

तुझं पत्र पोचलं, या वेळी सर्व ओळींसह. मी तुला खुर्चीवर बसवण्यासाठी अर्ज लिहिला आणि सरकारने तो वाचून तुला दारात उभं केलं. माझ्या इंग्रजीची एवढी दखल यापूर्वी कुणी घेतली नव्हती. मुख्याध्यापकांना हे सांगितलेलं नाही. त्यांचा इंग्रजीवर विश्वास आहे, तो राहू द्यावा.

संमतीचा कागद मिळाला. सुरकुत्या पडू नयेत म्हणून तो नकाशांच्या पुस्तकात ठेवला आहे. सही करण्याआधी काही मुद्दे तुझ्या विचारासाठी मांडतो. पुराणांत देवी शस्त्र घेऊन उभी राहते हे मान्य, पण तिला आठ हात असतात, शिवाय सिंह असतो. तुला हात दोन, त्यांतला एक सेटवर, आणि सिंहाच्या जागी हरियाणाची ती मुलगी. दुसरं असं, की स्पष्ट उच्चाराचा उपयोग आकाशवाणीवरही होतो. तिसरा मुद्दा काल सुचला होता, आता आठवत नाही.

तुझ्या आईला सांगितलं. म्हणजे तुला टेलिफोनचं काम मिळालं एवढं सांगितलं. एका अर्थी ते खोटं नाही, बोलायचंच काम आहे. ती इतकी खूश झाली, की शेजारच्या जयंतीला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मुलुंडलाही निरोप गेला. चंद्रप्रकाशच्या आईचं मत पडलं की टेलिफोन म्हणजे स्वच्छ काम, साडीवर डाग पडत नाहीत. एवढ्या माणसांचं समाधान एका शब्दात झालं असेल, तर तो शब्द इतक्यात मागे घेऊ नये असं मला वाटतं.

तू दिवाळीपर्यंत विचार कर. तुकड्या काय, होतच राहतात.

पाऊस बेताचा. तब्येत बरी. तुझा लोभ दिल्लीकडून इकडे येताना वाटेत कमी होऊ नये, ही विनंती.

मामा

वाकोला, सांताक्रूझ (पू.)
२१ जुलै १९८७

चि. सुलू, आईचा आशीर्वाद.

पत्र शेजारची जयंती लिहितेय. मी बोलते तसंच लिही म्हणून सांगितलंय. (सुलूताई, मावशी मधेच मालवणीत जाते, ते सगळं मला लिहायला जमत नाही, समजून घे. जयंती.)

तुझ्या मामाने मला टेलिफोन सांगितला. मी दोन रविवार गप्प राहिले. मग बस पकडून चारकोपला गेले आणि विचारलं, गुणा, टेलिफोनवर बसणारीचो गुडघो कशाक फुटता? त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग सगळं सांगितलं. तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, या वेळी मधे न थांबता. मास्तर आहे, पण खोटं बोलायचं शिक्षण त्याला कुणी दिलं नाही.

परवा चंद्रप्रकाश एकटाच घरी आला. लग्नानंतर मुलीची बदली मुंबईला होईल का, विचारत होता. मी म्हटलं, ती टेलिफोनवर नाही, ती दार मोडून आत जाते. तो म्हणाला, कुणाचं दार? मुलगा बरा आहे गं, पण प्रश्न भलताच विचारतो. चहा पिऊन गेला. त्यानंतर निरोप नाही. येणारही नाही, तू मनाला लावून घेऊ नको.

आता माझं ऐक. गिरणीत मी वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायला होते, तुला माहीत आहे. चौऱ्याहत्तरच्या संपात बाप्ये पुढे आणि आम्ही मागे, असं सगळं चाललेलं. पण पोलिसांची गाडी आली की पुढारी ओरडायचे, बायकांनो पुढे व्हा, बायकांवर काठी पडत नाही. पडायची. माझ्या खांद्याचं तू लहान असताना विचारायचीस ना, ते तेव्हाचं. त्या वेळी पुढे उभं करताना कुणी माझ्या भावाची संमती मागायला आलं नव्हतं. आणि माझ्या हातात काय होतं, तर डबा. तुझ्या हातात निदान बंदूक आहे, आणि ती चालवायला शिकवलंय.

म्हणून मी हो म्हणते. मला झोप लागत नाही, ते वेगळं. ते लिहू नको म्हटलं तर ही पोर लिहितेय.

सही मात्र मामाकडूनच घे. मी अंगठा उठवीन, पण कागदावर नाव त्याचं आहे, आणि अर्जही त्यानेच केला होता. मी म्हटलं, काढ तो कागद नकाशातून, आत्ता सही कर. तर म्हणतो, पेन सापडत नाही. मास्तरला. मी तशीच उठून आले. त्याला ओरडू नको. तुझे बाबा गेले तेव्हा तुला शाळेतून आणायला तोच गेला होता, आणि वाटेत तुला काही सांगू शकला नाही. तसाच आहे तो.

गुडघ्याला हळद लाव. आई आहे हे विसरू नको, एवढंच मागणं.

सुगंधा (तिने स्वतः सही केली आहे. जयंती.)

चारकोप
२४ जुलै १९८७

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

सोबत संमतीचा कागद. सही केली आहे, शाईही वाळू दिली आहे. रजिस्टर्ड पाठवतो आहे, म्हणजे टपालखात्याला दोष देण्याची सोय दोघांनाही राहणार नाही.

तुझी आई येऊन गेल्यावर मी आणखी एक प्रयत्न करून पाहिला. आमच्या शाळेत कुंडलिक सर म्हणून कवायतीचे शिक्षक आहेत, पूर्वी सैन्यात होते. मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं, की समजा, दार मोडून आत जायचं आहे, तर पहिल्या माणसाला धोका जास्त की दुसऱ्याला. दुसऱ्याला कमी, एवढं ऐकायचं आणि घरी येऊन सही करायची, असा माझा बेत होता. ते डब्यातली पोळी खात खात म्हणाले, पहिला इतक्या जोरात शिरतो की आतले दचकतात. सावरून नेम धरतात तोवर दुसरा दारात असतो. त्यातून दुसऱ्याच्या पाठीवर सेट असेल तर आधी त्यालाच पाडतात. एरियल वर आलेली दिसते, ती बघायची आणि तिच्याखाली गोळी मारायची, मग बाकीचे बहिरे होतात. आम्हीही तेच करायचो, म्हणाले. नंतर त्यांनी विचारलं, सर, स्नेहसंमेलनात नाटक बसवताय का. मी हो म्हटलं.

मग सही का केली, तर त्याला फार मोठं तत्त्वज्ञान नाही. अर्ज पाठवताना मी तुला विचारलं नव्हतं. आता कागद अडवून ठेवला असता तर तेच दुसऱ्यांदा केलं असतं. तुझी आई म्हणते त्यात तथ्य आहे. तू जे लिहिलंस, की तुला हे हवं आहे, ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यात मला एकही शब्द बदलता आला नाही, आणि शब्द बदलून वाचणं ही माझी जुनी खोड आहे हे तू जाणतेस.

मुलुंडहून निरोप नाही. तुझ्या आईने त्यांना दिलेला नारळ परत आला, त्याची तिने सोलकढी केली. मलाही बोलावलं होतं. बरी झाली होती.

या पत्रात आणखी बरंच गमतीचं लिहिणार होतो. मिक्सरवाल्या मुकादमाशी झालेलं भांडण आहे, नववीतल्या एका पोराने लिहिलेलं भाषांतर आहे. ते पुढे कधीतरी. आज ते लिहायला घेतलं की हात थांबतो, म्हणून सरळच लिहितो.

इथल्या प्रत्येक गच्चीवर टीव्हीची एरियल आहे. पूर्वी दिसत नव्हती, आता सगळ्या दिसतात. गुडघ्याची, स्थळाची, लोक काय म्हणतील याची, यांतली कुठलीच काळजी मला नव्हती. तू त्या दारात मारली जाशील, अशी मला भीती वाटते.

तुझा मामा