खेदाच्या पायऱ्या

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि तुमचा मुलगा आता दिल्लीत नव्या पोरांना मुत्सद्दी बनवतो. हसू नका. वर्गात मी खेदाच्या पायऱ्या शिकवतो: आधी चिंता, मग तीव्र चिंता, त्याच्यावर खेद, आणि अगदीच माणसं मेली तर गंभीर खेद. निषेध मात्र जपून ठेवायचा, पाहुण्यांच्या कपबश्यांसारखा. मागच्या आठवड्यात सरावाला दोन देश दिले, मध्ये एक नदी. सुटाबुटातली ती दीडशहाणी पोरं दोन दिवस भांडली आणि कोण कुठल्या खुर्चीत बसणार एवढंच ठरलं. नदीबद्दल कुणी ब्र काढला नाही, म्हणून मी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

तुम्ही भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर. बिघडलेले लूम दुरुस्त करायचात, आणि शेठ-कामगारांची भांडणंही तुमच्याकडेच यायची. एकदा शेठनं एका माणसाला काढलं आणि "देखेंगे, सोचेंगे" लावलं. तुम्ही तेलकट हात पुसत म्हणालात, "शेठ, गोल मत बोलो, चक्कर आता है. रखना है के नहीं?" दहा मिनिटांत माणूस शिफ्टवर. मी तेव्हा कॉलेजात होतो. काय हे अडाण्यासारखं बोलणं, म्हणून मला तुमची लाज वाटली होती.

गेल्या महिन्यात आपल्या गावी, कोनला, घरी गेलो होतो. आई भाकरी थापत होती. मागच्या आळीतली वहिनी आली. तिचा नवरा वडप्याच्या गोडाऊनमधली ड्युटी सोडून आखातात गेलाय. आईनं पाणी दिलं, तर तिनं तांब्या बाजूला सारला. आपल्या आळीची रीतच ती, गाऱ्हाणं घेऊन आलेला उत्तर मिळेपर्यंत पाणी घेत नाही, आणि घेतलं की विषय मिटला.

"भाऊ, तो येल का न्हाय, तेवढं सांग."

मला माहीत होतं. तिथल्या मालकानं तिच्या नवऱ्यावर चोरीचा आळ घातलाय, तो तुरुंगात आहे. आणि तिथला मंत्री जेवायला येणार म्हणून या कैद्याचा विषयच काढायचा नाही, असं आमच्या खात्यातल्या साहेबांनी ठरवलंय. त्या जेवणात काय काय वाढणार, ती यादी मीच तपासलीय. आणि मी काय बोललो? "वहिनी, योग्य पातळीवर बोलणी सुरू आहेत. आपण आशावादी राहायला हवं."

"म्हंजे येल?"

"सकारात्मक दिशेनं चाललंय."

थू माझ्या जिभेवर! तिनं तांब्या उचलला आणि गटागटा रिकामा केला. आई पिठाचा हात पुसून तिच्या पाठीवरून फिरवायला लागली.

काल आईचा फोन आला. वहिनीनं घराला रंग द्यायला घेतलाय, पोरीला नवा फ्रॉक शिवलाय, आळीभर सांगत सुटलीय की भाऊनं शब्द दिला. वर्गात मी हेच तर शिकवतो, शब्द द्यायचा नाही, पण समोरच्याला मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे. वा रे हुशारी! तिचा नंबर समोर लिहून ठेवलाय. तिला खरं सांगायचा धीर होत नाही, म्हणून सकाळपासून तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.