शेवंतीच्या शेपटीचे केस

शिरपूर, सोमवार

प्रिय अक्का,

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून शेजारचे पुनाभाऊ गाडी घेऊन चोपड्याला निघालेत त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते. आपली शेवंती काल गेली. ह्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली, अर्ध्या तालुक्याचे नवरदेव पाठीवर मिरवलेली घोडी. पण कशी गेली ते मला लिहिलंच पाहिजे.

मी गळावर खोट्या माश्या बांधते, ते तुम्ही मागच्या खेपेला पाहिलंत. “माशीनं मासा धरतेस का गं?” म्हणून किती हसलात! धुळ्याचे पारसशेठ त्या माश्या डोंगरातल्या नद्यांवर मासे धरणाऱ्या हौशी लोकांना पाठवतात. घोड्याच्या शेपटीचा केस चिवट, पाणी धरत नाही. गळाभोवती पिळून गुंडाळला की हुबेहूब किड्याचं अंग दिसतं. शेवंतीचा पांढरा केस तर म्हणाल तो रंग घ्यायचा. गुरुवारी केस काढायला गेले, तर नेहमी मान खाली घालून उभी राहणारी ती माझ्या अंगावर आली. स्वतःचीच कूस तिने चावून काढली होती. शेपूट लाळेने चिकट झालेली. उन्हाने असेल म्हटलं, चार केस काढले आणि निवडायला बसले. निवडताना गळ बोटात रुतला. रोजचंच ते, मी बोट चोखलं आणि विसरले.

संध्याकाळी तिला पाणी गिळेना. खिंकाळली तर आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. घशात कडबा अडकला असेल म्हणून ह्यांनी कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. दात लागून मनगट सोललं. सकाळी तिचे मागचे पाय गेले. गुरांचे डॉक्टर आले, लांबच उभे राहिले आणि विचारलं, “हिला कुत्रं चावलं होतं का?” चाळीसगावच्या लग्नात चावलं होतं अक्का, नाकपुडीपाशी. ह्यांनी हळद भरली होती.

दोघांनी लगेच सरकारी दवाखान्यात जा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, “केसाचं तेवढं भय नाही, लाळेचं आहे. जखम होती ना, मग सुई घ्याच. एकदा रोग दिसला की आमच्या हातात काही राहत नाही.” मी सुई घेतली. घरातले सगळे केस जाळले. पारसशेठना फोन करून आधी पाठवलेलं माश्यांचं पुडकं उघडू नका म्हणाले. तरी रात्रंदिवस बोटाकडे बघत बसते. मुंग्या आल्यासारखं होतं, खरं की मनाचं, कळत नाही.

पण अक्का, हे आलेच नाहीत. रिकाम्या तबेल्यात बसून राहतात. मी पाया पडले तर म्हणाले, “मनी शेवंतीले सुई भेटनी नही, मी कसाले लेऊ?” तेवढंच. ते पाणी प्यायला लागले की माझं काम थांबतं. घोट खाली उतरेपर्यंत मी त्यांच्या गळ्याकडे बघते. नुसते खाकरले तरी हातातलं टाकून धावते.

शेवंती गेल्याचं कळवायला मी लिहितेय, असं त्यांना वाटतंय. वाटू दे. तुमची आई गेल्यावर तुम्हीच ह्या धाकट्या भावाला भरवलंत, आजही तुमच्यापुढे ते मान वर करत नाहीत. माझं चालत नाही तिथे तुमचं चालेल. बाई म्हणाल्या, अजून उशीर झालेला नाही, पण एक दिवसही घालवू नका. पुनाभाऊ दारात थांबतील, असाल तशा त्यांच्याच गाडीत बसा. आल्यावर आधी शेवंतीसाठी ह्यांच्याबरोबर रडून घ्या. मग ह्यांचा हात धरा, आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत सोडू नका.

दारातच उभी असलेली, तुमचीच
मोहिनी