कपाट क्रमांक तीनमधले पुस्तक

मी, दीनानाथ त्र्यंबक उकिडवे, वय ७९, निवृत्त शिक्षक, राहणार कर्वेनगर, पुणे, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकण्याइतका वेळ माझ्यासाठी कोणी काढत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. सदनिका व बँकेतील ठेवी मुलगी वल्लरी हिला मिळाव्यात. ती दर रविवारी हिंजवडीहून येते आणि अर्धा वेळ फोनवर असते. तरी येते.

२. सायकल नातू अर्णव याला. नको असल्यास त्याने तसे स्पष्ट सांगावे, बाल्कनीत गंजवू नये. सोसायटीच्या अध्यक्षांना काहीही नाही. जिन्यातल्या दिव्याबद्दल त्यांना लिहिलेल्या सात पत्रांच्या प्रती मात्र त्यांनी अवश्य न्याव्यात.

३. माझी पुस्तके पेठेतल्या वाचनालयाला द्यावीत, एक सोडून.

४. ते एक म्हणजे कुमारांसाठीची रहस्यकादंबरी. नाव लिहीत नाही, कारण लोक आधी शेवटचे पान उघडतात. सुट्टीत मामाकडे आलेली चार मुले, चोरीला गेलेली चांदीची समई, संशय बागेतल्या माळ्यावर, चोर भलताच. मी ती एकवीस वेळा वाचली आहे. पहिल्यांदा चोर कोण यासाठी वाचली. दुसऱ्यांदा कळले, लेखकाने चोर तिसऱ्याच प्रकरणात आपल्यासमोर बसवून त्याला चहा पाजला होता. पुढे मामी आवडू लागली, मग तिचा राग येऊ लागला. वाचणाऱ्याचे वय वाढले की तेच पुस्तक वेगळे सांगू लागते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो. नवव्या वाचनात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, दिसले की अकरा प्रकरणे मुले ज्या माळ्याच्या मागे लागतात, त्याची शेवटी कोणीही माफी मागत नाही. सगळे श्रीखंड खातात. माळी पंगतीत नाही.

५. त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले, कारण ते शाळेच्या ग्रंथालयाचे होते. १९९४ साली ग्रंथालय माझ्याकडे होते. कपाट क्रमांक तीनमधून पुस्तक नाहीसे झाले तेव्हा मी शिपाई भीमराव ओव्हाळ यांचे नाव मुख्याध्यापकांना दिले. पुरावा एवढाच, की मधल्या सुट्टीत ते पुस्तक त्यांच्या हातात दिसायचे. त्यांना ग्रंथालयातून काढून फाटकावर बसवले. पुढची अठ्ठावीस वर्षे ते तिथेच होते. त्याच वर्षी दिवाळीत माझ्याच घरी, रद्दीखाली, पुस्तक सापडले. नोंद न करता मीच आणले होते. मी कोणालाही सांगितले नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

६. हे पुस्तक भीमराव ओव्हाळ यांना द्यावे.

मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा मी नसेन. माफीची ही पद्धत फार सोयीची आहे, म्हणून भीमरावांना आजच साक्षीला बोलावून वरील मजकूर वाचून दाखवला व माफी मागितली. शेजारच्या डॉ. कल्याणी दामले दुसऱ्या साक्षीदार म्हणून हजर होत्या. भीमरावांनी चहा संपवला.

"पुस्तक शाळेचं आहे, सर," ते म्हणाले. "तुमचं नाही ते मला कसं देता?"

हे बरोबर आहे. सबब कलम ६ रद्द. उद्या मी स्वतः पुस्तक शाळेत नेऊन देईन आणि ते कोणाकडे होते, हे लेखी देईन. उद्यापर्यंत न टिकल्यास हे काम वल्लरीने करावे.

मग मी त्यांना विचारले, माळ्याचे तुमच्या कधी लक्षात आले?

"पहिल्याच वाचनात," भीमराव म्हणाले. "सही कुठे करू?"

ठिकाण : कर्वेनगर, पुणे
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५

लिहून ठेवणार : दीनानाथ त्र्यंबक उकिडवे (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. भीमराव सोनू ओव्हाळ, निवृत्त शिपाई, राहणार येरवडा (सही)
२. डॉ. कल्याणी दामले, राहणार कर्वेनगर (सही)