खारी नवरीचा धवला

पेण,
रविवार

प्रिय हितेश,

मेसेज केला की तू त्यावर अंगठा उमटवतोस आणि मोकळा होतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद निदान हातात तरी धरावा लागतो. अक्षर वाकडं दिसलं तर समजून घे. माघी गणपतींची घाई आहे, दिवसभर मूर्तींचे डोळे आखून बोटं आखडतात. मी अजून जोह्याच्या त्याच कारखान्यात आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या हरेशने त्याच्या फोनवर तुझा बंगळुरूचा कार्यक्रम दाखवला. निळे दिवे, घामाघूम पोरंपोरी, आणि तुझ्या बेसच्या मधूनच आमच्या आईचा आवाज. एक मुलगी डोळे मिटून नाचत होती. तिला त्यातला एक शब्द कळला असेल तर शपथ. मला खूप राग आला, आणि खरं सांगते, पायही हलला. वाजवतोस तू मेल्या भारीच.

तुझ्या गावची, वरशाची, ती माळ्यावरची खोली आठवते? भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीला गोधडी. आवाज घेताना पंखा बंद करायचा, मग दोघंही घामाने निथळायचो. कुठल्याशा बेंजो पार्टीने टाकून दिलेला सिंथ तू उघडून दुरुस्त केलास आणि त्यातून असा काही जाड, लचकणारा सूर काढलास की तुझी आजी खालून विचारायची, म्हैस व्यायली का काय. मी आमच्याकडच्या हळदीची गाणी म्हणायचे. हळदीला आमच्या बाया नवऱ्याकडच्यांना काय काय बोलतात ते तू ऐकलंस आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालास. त्याच शिव्या आपण उचलल्या आणि मिठागरांची जमीन विकणाऱ्यांच्या नावाने लावल्या. ‘बांध फुटला, भावजी निजला, सातबारा कुणी गो गिळला.’ कव्हरवर मी, हळद माखून, मुंडावळ्या बांधून, मिठाच्या ढिगावर पाय पसरून बसलेली, तोंडात विडी. अल्बमचं नाव ‘खारी नवरी’. आपल्याला वाटलं, फार तर लोक हसतील, थोडे चिडतील.

शेवटच्या गाण्यासाठी तुला धवला हवा होता. तुमच्या वरशाकडे भटजीची मंगलाष्टकं झाली की लग्न लागतं. आमच्या खाडीकडे धवलारीण धवला गाईपर्यंत ते लागलं असं कुणी मानत नाही, आणि आमची आई बायजाबाई म्हणजे वडखळपासून खाडीच्या टोकापर्यंतची धवलारीण. तिने न गायलेलं लग्न शोधावं लागे. तिचा नेम एकच होता, लग्न नसेल तर धवला नाही. तरी तू तिला एसटीने वरशाला आणलंस, माइकपुढे बसवलंस, आणि ती सबंध धवला गायली. तू त्याचे तुकडे केलेस, उलटसुलट जोडलेस, खाली ढोलासारखा बेस घातलास. ऐकताना तिने स्पीकरवर तळवा ठेवला आणि म्हणाली, पोटात वाजतंय. तिला ते आवडलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर लोक म्हणाले, म्हातारीला फसवलं.

गणपती गेल्यावर रिकाम्या कारखान्यात आपण अल्बम बाहेर काढला. बाया इतक्या नाचल्या की शाडूची धूळ छपरापर्यंत उडाली. गुणाजीकाका दारात उभा होता. गावच्या जमिनीचे कागद त्यानेच कंपनीला नेऊन दिलेले. गाण्यात त्याचं नाव नव्हतं, पण टोपी त्याला बरोबर बसली. चोराच्या मनात चांदणं.

आठवड्याभरात गावकी बसली. तू तेव्हा मुंबईला करारासाठी गेला होतास. जमिनीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आरोप आईवर, लग्नाशिवाय धवला गायला, पवित्र गोष्ट नाचायला दिली. गुणाजीकाका मोठ्या मायेने म्हणाला, वयनी, पोराने फसवलं एवढंच बोल, गाणी काढून टाकायला लाव, उद्यापासून पुन्हा लग्नं तुझीच. मी तिचा पदर ओढत होते, बोल म्हणून. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “लग्नाबिगर धवला मी कवाच गायला नाय.” बस. कुणाला काही कळलं नाही, आणि तिने उलगडून सांगितलंही नाही. त्या दिवसापासून तिला बोलावणं आलं नाही. मी तुला कळवलं होतं. तू लिहिलंस, लोक विसरतील.

लोक विसरले नाहीत रे. लग्नसराईत ती ओट्यावर बसायची. लाऊडस्पीकरवर दुसऱ्या गावची बाई गायची, कडवं गाळायची, आणि आई इथे बसून ते गाळलेलं कडवं पुटपुटायची. दुसऱ्या सराईत पुटपुटणंही थांबलं. दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता तिला एकच अक्षर येतं, ‘हा’. भूक लागली तरी हा, दुखलं तरी हा. वेणी घालताना मी तिला उगाच काहीबाही विचारते, म्हणजे ते तरी ऐकू येतं. तुझ्या कार्यक्रमाला टाळ्या पडतात तेव्हा हे तुला माहीत असावं, असं मला वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. माघी गणपती गेले की माझं लग्न आहे. आदर्श म्हणून आहे, धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, तुझी गाणी त्याला पाठ आहेत, त्याला सगळं माहीत आहे. गावकीच्या भीतीने एकही धवलारीण यायला तयार नाही. मी म्हटलं, भटजीवर भागवू, तर आई डाव्या हाताने स्वतःचा गळा धरून रडली. म्हणून तिचा तो अख्खा धवला मला हवा आहे, तुझ्या संगीताशिवाय, तुकडे करण्याआधीचा. तो फक्त तुझ्याकडे आहे. त्या दिवशी माळ्यावर ती तुला म्हणाली होती, “नवरा कोन, नवरी कोन, नावा सांग. त्याबिगर त्वांड उघडनार नाय.” तू हसत आपली दोघांची नावं सांगितलीस. मी मान खाली घातली, पण नको म्हटलं नाही. तू थट्टा केलीस, मी आशा धरली, आणि आईने डोळे मिटून आपलं लग्न लावलं. गावकीपुढे तुझं नाव तिने माझी बदनामी नको म्हणून गिळलं, आणि त्यापायी सगळं घालवलं. तर हितेश, अल्बमात तू नावं गाळली होतीस, पण त्या अख्ख्या धवल्यात प्रत्येक कडव्यात तुझं नाव आहे. तेवढं काप. आवाज कापण्यात तुझा हात कुणी धरू शकत नाही. तिथे मोकळी जागा ठेव, आईची बहीण मैनामावशी आदर्शचं नाव घेईल. माझं नाव मात्र तसंच राहू दे. आईच्या तोंडून ते आता पुन्हा यायचं नाही.

तुझीच म्हणून सही करायची ही शेवटची वेळ,
प्रणिता