कपाटामागची भिंत

मंगळवार, ५ जून

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. पायाच्या प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणालीस, तरी फूटपट्टी घालून खाजवू नकोस. इकडे आम्ही ठीक.

तुझ्या वर्गाचं रंगकाम काल संपलं. दोन हात दिले. कडा दोरी लावून घेतल्या, फरशीवर थेंब नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "भाऊ अगदी उलटा हो! बहीण पोरांना रंग सांडायला शिकवते."

कपाटामागच्या भिंतीलाही रंग लागला आहे. तिथे लावलेली तुझी चिठ्ठी बहुधा पंख्याच्या वाऱ्याने पडली असावी.

आज तुझ्या वर्गातली गप्पी आली होती. हे नाव तूच हौसेने ठेवलंस, पण तिचा लहान भाऊ गेल्यापासून शाळेत तिने तोंड उघडलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. विसरलेली बाटली न्यायला आजोबांबरोबर आली आणि सरळ कपाटामागे शिरली. मी ब्रश धूत होतो. बराच वेळ झाला म्हणून वाकून पाहिलं. अंधारात बटण चाचपावं तशी ती भिंतीवरून हात फिरवत होती.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं कुठंय?"

ताई, ती बोलली. पाच महिने तू ज्याची वाट पाहिलीस ते माझ्या वाट्याला आलं, आणि मी म्हणालो, "आत आहे."

ती नखाने रंग खरवडायला लागली. रंग अजून कच्चा होता. मी ओल्या फडक्याने हलकेच पुसलं, तर रंगाबरोबर कोळसाही निघून आला. तिने ते करडं फडकं माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि घरी नेलं.

चिठ्ठी पडली नव्हती. "एवढी भिंत सोड. गप्पी इथे रोज कोळशाने एक रेघ ओढते. दुसरं काहीच सांगत नाही." अक्षरन् अक्षर वाचलं होतं. पण तीन भिंती स्वच्छ आणि एकीवर काळ्या रेघोट्या. लोक म्हणाले असते, रंगारी अर्धवट आहे. सातवीत शाळा सुटल्यापासून तो शब्द मला झोंबतो. चिठ्ठी मीच काढून खिशात घातली.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला खरं सांगवत नाही, म्हणून लिहिलं.

सोमवारी तू कुबड्या घेऊन येशील. मी घंटेआधी कोळसा आणून ठेवतो. ती पुन्हा विचारेल, तेव्हा तू मला सांभाळून घेऊ नकोस. उत्तर मी देणार आहे.

सोबत तुझी चिठ्ठी परत.

चिठ्ठी वाचलेला,
तुझा भाऊ